होडीच्या तळाचा कॉक: रंग पाहू नका, धातू पाहा
(नभोवाणीवरील शेतकरी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, शेतीच्या कार्यक्रमात हा होडीचा कॉक कुठून आला? पण किनाऱ्यावरच्या श्रोत्यांना हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे एकाच घरात दोन एकर भात असतं, परसात चार कलमं असतात आणि खाडीतल्या एखाद्या होडीत चार आण्यांची पाती असते. पावसाळ्यात पाय चिखलात, पाऊस सरला की पाय होडीत. भाताने पोट भरतं आणि होडीने हातात पैसा येतो. होडी बुडाली तर कर्ज भातावर येतं. म्हणून हा विषय शेतकऱ्याचाच आहे. ज्यांच्याकडे होडी नाही, पण विहिरीवर पंप आहे, त्यांनीही बसून राहावं. शेवटी त्यांच्याही कामाचं सांगणार आहे.

आधी माझी ओळख सांगतो. मी मूळचा कोकणातला, पण सारा जन्म चिंचपोकळीत गेला. गिरणीत फिटर होतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमच्यासारख्या हजारोंची गिरणी कायमची सुटली. मग मी रे रोडजवळच्या दारूखान्यात एका वर्कशॉपमध्ये लागलो. दारूखाना म्हटलं की हसू नका. तिथली दारू पिण्याची नव्हे, तोफेची. जहाजं मोडण्याच्या धंद्यासाठी त्या भागाचं नाव झालं. मोडलेल्या जहाजांचे कॉक, व्हॉल्व्ह, नळ्या तिथे यायच्या आणि आम्ही ते उघडून दुरुस्त करायचो.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. ती सांगण्यासाठीच खरं तर मी इथे आलो आहे.

आमच्या गावची चिंचपोकळीला चाळीत एक खोली होती. गावाहून जो कोणी मुंबईला येई, तो तिथे उतरे. कोणी दवाखान्यासाठी, कोणी खरेदीसाठी. एकदा माझा धाकटा चुलतभाऊ आला. म्हणाला, "दादा, होडीच्या तळाचा कॉक घट्ट झालाय, फिरत नाही. नवा घेऊन दे. तू फिटर आहेस, तुला कळतं."

मला कळतं, असं मलाही वाटत होतं. तेव्हा मी गिरणीतच होतो, वाफेचे व्हॉल्व्ह सांभाळत होतो. खाऱ्या पाण्याशी माझी गाठ पडली नव्हती. मी बाजारात गेलो आणि एक पिवळाधमक, जड, चकचकीत पितळी कॉक घेतला. घराच्या टाकीला बसवतात तसा. भावाला म्हटलं, "पितळ आहे. गंजायचं नाव नाही."

तिसऱ्या वर्षी, गौरी-गणपतीच्या आधी, होडी खाडीत नांगरून ठेवली होती. भाऊ आणि त्याचा मुलगा पहाटे निघण्याच्या तयारीत होते. भावाने कॉक उघडायला दांडी फिरवली. दांडी फिरली नाही, कॉकची मानच मोडून हातात आली. तळाच्या भोकातून पाण्याचा खांब उभा राहिला. भावाने भोकावर टाच दाबली, मुलाने गोणपाट फाडून बोळा कोंबला. दोर कापून होडी कशीबशी चिखलावर घातली. माणसं वाचली. इंजिन पाण्याखाली गेलं. तो हंगाम गेला, आणि पुढच्या वर्षीचं बियाणं ठेवलेलं भातही कांडून खावं लागलं.

काही दिवसांनी भाऊ चिंचपोकळीला आला. खिशातून कागदात गुंडाळलेला तो तुकडा काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, "दादा, हे असं कसं झालं?" दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

त्याचं उत्तर द्यायला मला बरीच वर्षं लागली. तो तुकडा मी जपून ठेवला होता. दारूखान्यात लागल्यावर तो एका म्हाताऱ्या ओताऱ्याला दाखवला. त्याने त्यावर कानस मारली. वर पिवळा दिसणारा धातू आत तांबूस, गुलाबी निघाला. हातोडीने टोला दिला तर खण् असा आवाज न येता बद्द आवाज आला आणि कडेचा चुरा झाला. ओतारी म्हणाला, "यातलं जस्त गेलं. उरलंय ते तांब्याचं जाळं. बिस्किटासारखं."

मंडळी, इथेच सगळं मर्म आहे. पितळ हा एक धातू नाही. तांबं आणि जस्त यांचं ते मिश्रण आहे. बाजारातल्या साध्या पितळात शंभर भागांत चाळीसच्या आसपास भाग जस्ताचे असतात. जस्ताचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. टॉर्चचा जुन्या पद्धतीचा सेल आठवा. त्याची बाहेरची वाटी जस्ताची असते. सेल चालतो तो ती वाटी खाऊन. सेल संपत आला की वाटीला भोकं पडून पाणी सुटतं. जी. आय. पाइपावर जस्ताचा मुलामा असतो तो याचसाठी. जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. म्हणजे जिथे मीठ-पाणी आलं, तिथे आधी जस्त जातं. पितळातही तेच होतं. समुद्राचं पाणी पितळातलं जस्त हळूहळू ओढून घेतं. आकार तोच राहतो, आटे तेच राहतात, रंगसुद्धा वरून फारसा बदलत नाही. फक्त ताकद निघून जाते. गंजलेलं लोखंड निदान दिसतं तरी. पितळ सांगून मरत नाही.

आता हा कॉक गेला तर किती पाणी येतं, याचा हिशोब करू. पाण्याच्या पातळीखाली दोन हातांवर दोन इंची भोक उघडं पडलं, तर मिनिटाला सुमारे ३०० लिटर पाणी आत येतं. तासाला १८,००० लिटर. साधारण तीन अश्वशक्तीचा पंप शेतात जेवढं पाणी फेकतो तेवढं. भोक दीड इंची असलं आणि सव्वा-दीड हात खोल असलं, तरी मिनिटाला १४० लिटर येतंच. बादलीने उपसून हे पाणी आवरत नाही. म्हणून होडीचं लाकूड, इंजिन, जाळं यांवर आपण हजारो-लाखो रुपये घालतो आणि मुठीएवढ्या कॉकवर चार पैसे वाचवतो, हा हिशोब उलटा आहे.

मग कॉक कशाचा घ्यावा? एकेक धातू पाहू.

पहिलं, साधं पितळ. पाण्याच्या पातळीखाली, खाऱ्या पाण्यात, नको. घराच्या गोड्या पाण्याला ते चांगलं आहे, तिथेच राहू द्यावं. पितळातच थोडं आर्सेनिक घालून जस्त टिकवलेला एक प्रकार मिळतो. त्याला डी. झेड. आर. पितळ म्हणतात. ते साध्या पितळापेक्षा पुष्कळ बरं. पण डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. अक्षरं ओतलेली नसतील आणि दुकानदार लिहून देत नसेल, तर ते साधं पितळच समजावं. आणखी एक फसवं नाव आहे, मँगनीज ब्राँझ. नाव ब्राँझचं, पण त्यात जस्त चाळीस टक्क्यांच्या घरात असतं. म्हणजे तेही एका प्रकारचं पितळच.

दुसरं, गनमेटल. यात तांबं सुमारे ८५ भाग आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी सुमारे ५ भाग असतात. इथे जस्त थोडं आहे आणि कथिलाचा आधार आहे, त्यामुळे पितळासारखी पोकळी होत नाही. आपल्या भारतीय मानकांत आय. एस. ३१८ मध्ये एल. टी. बी.-२ या नावाने ही जात सांगितली आहे. रंग पितळापेक्षा तांबूस असतो. लाकडी होडीला आणि फायबरच्या होडीला हा धातू उत्तम. किंमत जास्त पडते, पण नीट राखला तर अनेक वर्षं काम देतो. दारूखान्यात जुन्या जहाजांचे गनमेटलचे कॉक मी उघडलेले आहेत. वरचा हिरवा थर घासून काढला की खाली धातू ठणठणीत.

तिसरं, स्टेनलेस स्टील. पुष्कळांना वाटतं, हे सर्वांत भारी. पाण्याच्या वर ठीक आहे. पण स्टीलचं पाणी टिकवते ती त्याच्यावरची एक अतिशय पातळ साय, आणि त्या सायीला हवेतला प्राणवायू लागतो. बंद कॉकमध्ये अडकलेल्या पाण्यात, वॉशरखाली, कालवं चिकटलेल्या जागी प्राणवायू पोचत नाही. तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि ते आत खोल जातात. ३०४ नंबरचं स्टील तर तळाला बसवूच नका. ३१६ नंबर त्याहून चांगलं, पण तळाच्या कॉकसाठी माझी पसंती त्यालाही नाही.

चौथं, बीड. बीड खाऱ्या पाण्यात विचित्र वागतं. त्यातलं लोखंड निघून जातं आणि काळा शिसपेन्सिलीसारखा भाग उरतो. आकार तसाच, पण चाकूने कापता येतो. होडीच्या तळाला नको.

पाचवं, प्लास्टिक. इथे नीट ऐका. शेतातल्या पी. व्ही. सी. पाइपाचा कॉक होडीला बसवायचा नाही. तो उन्हाने कडक होतो, इंजिनाच्या उष्णतेने मऊ पडतो आणि पाय पडला की तुटतो. पण काचेचे तंतू घालून घट्ट केलेल्या नायलॉनचे, खास होडीसाठी बनवलेले कॉक मिळतात. ते गंजत नाहीत आणि त्यांचं दुसऱ्या धातूशी भांडण होत नाही. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या होडीला गनमेटल लावलं तर होडीचाच पत्रा झिजतो, तिथे हा नायलॉनचा कॉक सोयीचा. मात्र इंजिनाच्या धगीपासून दूर बसवावा, फार आवळू नये आणि अधूनमधून वंगण द्यावं.

धातू ठरला, पण काम संपलं नाही. माझ्यासारखी चूक पुष्कळ जण अर्धवट करतात. कॉकचं अंग गनमेटलचं घेतात, आणि तळातून बाहेर जाणारी नळी, मागचा नट, रबरी नळीचं तोंड ही तिन्ही पितळी लावतात. साखळी तुटते ती कच्च्या कडीपाशी. तळापासून रबरी नळीपर्यंत सगळे भाग एकाच जातीचे हवेत. बॉल व्हॉल्व्ह घेत असाल तर आतला गोळा आणि दांडीचा खिळा कशाचा आहे हे विचारा. स्वस्त मालात आतला गोळा पितळी असतो आणि वर क्रोमचा मुलामा असतो.

आट्यांकडेही लक्ष द्या. काही फिटिंगचे आटे सरळ असतात, काहींचे निमुळते. सरळ आट्यावर निमुळता कॉक चढवला तर दोन-तीन फेऱ्यांत अडकतो. आपल्याला वाटतं, घट्ट बसला. खरं तर सगळा भार दोन-तीन आट्यांवर असतो. दुकानातच एकावर एक फिरवून पाहा. हाताने निदान पाच-सहा फेरे सहज गेले पाहिजेत.

बसवताना तळाच्या आतल्या बाजूला जाड, टणक लाकडाची किंवा फायबरची पाटी घालावी, म्हणजे भार एका फळीवर येत नाही. बसवलेला कॉक किती मजबूत हवा, याचा एक अमेरिकन नियम आहे. कॉकच्या आतल्या टोकावर ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो भार अर्धा मिनिट दिला तरी तो हलता कामा नये. म्हणजे भाताची तीन मोठी पोती लटकवल्यासारखं. ही परीक्षा आपण घरी करायची नाही. पण लाटेत एखादा माणूस घसरून कॉकवर पडला तर तो मोडू नये, एवढं ध्यानात ठेवायचं.

आता खरेदीचं. चिंचपोकळीला उतरून खरेदी करायची तर भायखळा, सँडहर्स्ट रोड आणि मग मशीद बंदर. तिथून नागदेवी स्ट्रीट चालत गाठता येते. व्हॉल्व्हची दुकानं तिथे ओळीने आहेत. नवा माल तिकडे आणि जहाजावरचा जुना माल दारूखान्याकडे. दुकानात गेल्यावर "होडीचा कॉक द्या" एवढंच म्हणू नका. "खाऱ्या पाण्याखाली बसवायचा आहे, गनमेटलचा, एल. टी. बी.-२" असं म्हणा. बिलावर धातूचं नाव लिहून मागा. जो लिहून देत नाही, त्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. बरोबर लोहचुंबक न्या. पितळ, गनमेटल दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत. चिकटलं तर आत लोखंड आहे. जुना कॉक घेत असाल तर न दिसणाऱ्या जागी कानस मारून बघू द्या म्हणावं. आत गुलाबी दिसलं, चुरा पडला, की तो भंगारात.

आणि हे सगळं करायचं कधी? आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. आपण त्या दिवसांत लावणीत गुंतलेले असतो, आणि नारळी पौर्णिमा जवळ आली की घाईघाईने रंग मारून होडी पाण्यात लोटतो. तसं करू नका. लावणीच्या धांदलीआधी, होडी ओढली त्याच आठवड्यात एक सकाळ काढा. कॉक उघडा, धुवा, कानस मारून पाहा, वंगण द्या. बदलायचा असेल तर मुंबईहून मागवायला दोन महिने हातात राहतात. होडीच्या तळाला जी जस्ताची वडी लावतात, ती अर्ध्याहून अधिक झिजली असेल तर नवी लावा. तिला रंग मात्र कधी लावू नका. झिजणं हेच तिचं काम आहे. रंगवली की ती काम करत नाही आणि झीज तुमच्या कॉकवर येते. बॅटरीची उघडी तार तळच्या पाण्यात लोळत असेल तर तीही आवरा. अशा विजेने चांगला कॉकसुद्धा थोड्या आठवड्यांत खाऊन टाकलेला मी पाहिला आहे.

आता विहिरीवाल्यांसाठी. खाडीकाठच्या विहिरींना उन्हाळ्यात खारं पाणी चढतं. तिथे पितळी फूट व्हॉल्व्हची तीच गत होते. पाणी मचूळ लागत असेल तर गनमेटलचा किंवा चांगल्या प्लास्टिकचा फूट व्हॉल्व्ह घ्या. पाणी बारमाही गोड असेल तर पितळ खुशाल वापरा.

आणखी एक गोष्ट. ब्रिटिश अमदानीत आपल्या देशात लष्कराच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप तडे जात. ती काडतुसं तबेल्यांत साठवलेली असत. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटे आणि ताण असलेलं पितळ चिरे. १९२१ साली याचं कारण शास्त्रज्ञांनी उलगडून दाखवलं. या तड्यांना अजूनही 'सीझन क्रॅकिंग' म्हणतात, कारण ते पावसाच्या हंगामात जात. आपला गोठा म्हणजे तेच. तेव्हा पंपाचं पितळी सामान गोठ्यात टांगू नका, खताच्या पोत्यांशेजारी ठेवू नका आणि पितळी नट गरजेपेक्षा जास्त आवळू नका.

मंडळी, थोडक्यात उजळणी करतो. हा भाग कापून होडीच्या कागदपत्रांत ठेवा.

१. पाण्याच्या पातळीखाली साधं पितळ नको. लाकडी आणि फायबरच्या होडीला गनमेटल, लोखंडी आणि ॲल्युमिनियमच्या होडीला तंतू घातलेलं नायलॉन.
२. कॉक, तळाची नळी, नट, रबरी नळीचं तोंड सगळं एकाच जातीचं.
३. बिलावर धातूचं नाव लिहून घ्या.
४. आटे दुकानातच जुळवून पाहा.
५. रबरी नळीला प्रत्येक टोकाला दोन-दोन स्टीलच्या क्लिपा.
६. महिन्यातून एकदा कॉक पूर्ण उघडा, पूर्ण मिटा. न फिरवलेला कॉक अडकतो आणि अडकलेला कॉक जोर लावला की मोडतो.
७. होडी बांधून घरी जाताना कॉक बंद.
८. प्रत्येक कॉकशेजारी त्या भोकाच्या मापाचं मऊ लाकडाचं निमुळतं बुच दोरीने बांधून ठेवा.

हे आठवं कलम माझ्या भावाचं आहे. नवा गनमेटलचा कॉक मी स्वतः गावी जाऊन बसवला. तो शांतपणे पाहत होता. मी हात पुसले तेव्हा त्याने खिशातून स्वतः तासलेलं सावरीचं बुच काढलं आणि कॉकला बांधलं. म्हणाला, "दादा, तुझ्यावर विश्वास आहे. पण हे असू दे."

त्याचं बरोबर होतं. तुमच्याही होडीत ते असू द्या.